खांदेरीचा दिवा

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही; पण दीपस्तंभांची वाण नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मी जितक्या सत्कारसभांना आणि शोकसभांना बसलो, त्यांतल्या बहुतेक सभांतून आम्ही एकेका गृहस्थाला दीपस्तंभ ठरवून घरी परतलो आहोत. निवृत्त मुख्याध्यापक दीपस्तंभ असतात, जिल्हा परिषदेचे माजी सभापती दीपस्तंभ असतात, आणि शिक्षणसंस्थेचे संस्थापक तर जन्मतःच दीपस्तंभ असतात. बोलणाऱ्याने तो कधी पाहिलेला नसतो, ऐकणाऱ्यानेही नसतो. पाहणार कुठून? आमची गोदावरी गंगाखेडावरून वाहते ती पूर्वेच्या समुद्राला मिळण्यासाठी. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या घरात. त्यामुळे दीपस्तंभ हा शब्द आमच्याकडे केवळ उपमा म्हणून आला, आणि ज्या वस्तूची ती उपमा, ती वस्तू वाटेतच राहून गेली.

उपमा चुकली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. कवितेत फारसे बिघडत नाही. पण ज्या उपमेने आपण थोर माणसे मोजतो, ती नुसती अलंकार राहत नाही. ती आपल्या अपेक्षा घडवते. दीपस्तंभ म्हणताना आपल्याला अभिप्रेत असते ते असे, की हा मनुष्य उंच आहे, प्रकाशमान आहे, आणि आपण त्याच्याकडे पाहत पाहत त्याच्या दिशेने जावे. ही कल्पना मनात घेऊनच मी खांदेरीला गेलो.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. थळच्या एका कोळ्याच्या होडीने मी निघालो तेव्हा समुद्र बराच शांत होता; निदान तो तसे म्हणत होता. माझे पोट म्हणत नव्हते. खांदेरीला दोन टेकड्या, भोवती तटबंदी, कोळ्यांच्या श्रद्धेचे वेताळाचे देऊळ, ठोकले की भांड्यासारखा वाजणारा एक खडक, लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा, आणि या सर्वांवर १८६७ साली उभारलेला आठकोनी दीपगृहाचा मनोरा. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत खांदेरीही आहे. त्यामुळे पाहायला येणारे वाढले आहेत. बहुतेक जण तोफांपाशी छायाचित्र काढतात आणि दिव्याकडे पाठ करून परततात. तोफेला इतिहास असतो आणि दिव्याला नसतो, अशी आपली समजूत असावी.

वस्तुतः या बेटाच्या इतिहासात अंधारालाच मोठा मान आहे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजीमहाराजांनी येथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचे ठाणे होते आहे हे पाहून इंग्रजांनी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली. ती मोठी, जड, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, सडपातळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या. इंग्रजांच्या डोळ्यांसमोरून त्या रात्रीच्या काळोखात बेटावर माणसे आणि सामान पोचवीत, आणि उजाडायच्या आत निघून जात. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि पुढे ही दोन जुळी बेटे एकमेकांवर तोफा डागीत बसली. त्या दिवसांत खांदेरीवर कोणी दिवा लावला असता, तर त्याला फितूर म्हणून शिक्षा झाली असती, आणि ती रास्तच ठरली असती. प्रकाश म्हणजे चांगला आणि अंधार म्हणजे वाईट, हे समीकरण समुद्रावर तरी सरसकट चालत नाही. दिवा कोणासाठी, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आणि दीपगृहाचे उत्तर विलक्षण आहे: कोणासाठीही. ज्या बेटासाठी तीन सत्ता एकमेकींच्या जिवावर उठल्या, त्याच बेटावर १८६७ पासून असा दिवा लागतो, की जो जहाजाचे निशाण विचारीत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एडिस्टोन नावाचा खडक आहे. १६९७ साली तेथे दीपगृहाचे काम चालू असताना फ्रेंचांच्या एका जहाजाने बांधणाऱ्यालाच पकडून फ्रान्सला नेले. दोन्ही देशांत युद्ध चालू होते. तरी फ्रान्सच्या राजाने त्याला सोडून दिले. आपले वैर इंग्लंडशी आहे, मनुष्यजातीशी नाही, अशा अर्थाचे काही तो बोलला असे सांगतात. बोलला असेल किंवा नंतर कोणी त्याच्या तोंडी घातले असेल. पण सोडले हे खरे. त्या खडकावर फ्रेंच जहाजेही फुटत होतीच. यात उदारपणा किती आणि हिशेब किती, हे मी ठरवीत बसत नाही. नीतीचा उगम पुष्कळदा अशाच जागी असतो, जेथे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञांनी दीपगृहाचा पिच्छा पुरवला तो याच कारणाने. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली लिहिले, की दीपगृह कोणी स्वतःच्या फायद्यासाठी बांधणार नाही. कारण समुद्रावरून जाणाऱ्याकडून प्रकाशाचे पैसे वसूल कसे करायचे? पुढे १९७४ साली रोनाल्ड कोस याने जुनी दप्तरे चाळून दाखवले, की इंग्लंडात खासगी माणसांनी दीपगृहे बांधली होती आणि बंदरात लागणाऱ्या जहाजांकडून त्यांचा कर घेतला होता. आपल्याकडेही १९२७ च्या कायद्याने जहाजांवर दीपकर बसवला. २०२१ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. वाद रंजक आहे, पण त्यातून मला हवे ते मिळत नाही. मोठे जहाज कर भरते, थळच्या कोळ्याची होडी भरत नाही, आणि झोत दोघांवरून सारखाच फिरतो. कोणी भरले आणि कोणी नाही, हे तो ओळखूच शकत नाही. उपकार करणाऱ्याला उपकृताचे तोंडही दिसत नसेल, तर त्याला उपकार म्हणावे की नाही, हा खरा प्रश्न.

परतीच्या वाटेवर मी होडीवाल्याला विचारले, “हल्ली तुमच्याकडे ते जीपीएसचे यंत्र असते. मग आता या दिव्याचा काय उपयोग?”

तो हसला. “काका, मशीन सांगतं आपण कुठं हाय. दिवा सांगतो खडक कुठं हाय. मशीन बंद पडलं तर दिवा डोळ्यानं दिसतो.”

“म्हणजे रात्री दिव्याच्या रोखाने यायचे.”

“रोखानं?” त्याने सुकाणूवरचा हात न काढता मान हलवली. “दिव्याकडं कोन जातो? बत्ती कधी डाव्या अंगाला ठेवायची, कधी उजव्या अंगाला. पुढ्यात ठेवायची नाय.”

बंदरात शिरण्यासाठी निराळे दिवे असतात, त्यांची ओळ साधून आत यायचे असते, हेही त्याने सांगितले. पण दीपगृहाचा दिवा जवळ बोलावणारा नव्हे. आपल्या घरातले सगळे दिवे बोलावणारे आहेत. दारातली पणती लक्ष्मीला बोलावते, देवापुढची समई आपल्याला जवळ बसवते, दिवाळीतला आकाशकंदील लांबूनच घर ओळखू देतो. आमच्या जिंतूर तालुक्यात चारठाण्याला एक उंच दगडी स्तंभ आहे. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. दीपमाळ असेल तर तीही देवाच्या अंगणातलीच, म्हणजे या म्हणणारी. या सगळ्या गोतावळ्यात दीपगृहाचा दिवा एकटाच असा, की जो म्हणतो, इकडे येऊ नका. मी येथे आहे आणि माझ्या पायाशी खडक आहे. यापलीकडे त्याला काही सांगायचे नसते. तुम्ही मुंबईला जा, मुरुडला जा, रात्रभर जाळी टाकून बसा. ते त्याच्या अधिकारात नाही.

हे एकदा ध्यानात आले, की सभेतल्या उपमेचे दोन्ही पाय लटपटू लागतात. ज्याच्याकडे पाहत पुढे जायचे, तो दीपस्तंभ नव्हे. त्याच्या दिशेने निघालेले जहाज फुटते. आपल्या सार्वजनिक जीवनात अशी फुटलेली जहाजे थोडी नाहीत. एखादा मनुष्य तळमळीने सांगतो की अमुक ठिकाणी धोका आहे. आपण त्या धोक्याचे काहीच करीत नाही, त्या माणसाच्या पायाशी जाऊन बसतो. मग त्याची मूर्ती, त्याचा जयंतीउत्सव, त्याच्या नावाची कमान. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी बजावले होते, की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. त्यांनी खडक दाखवला होता. आपण काय केले ते सर्वांसमोर आहे.

पाली भाषेत एक मोठा मौजेचा योग आहे. बुद्धाने अखेरच्या दिवसांत आनंदाला आणि भिक्षूंना स्वतःच स्वतःचे दीप होऊन राहायला सांगितले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पालीतल्या ‘दीप’ या शब्दात संस्कृतातले दोन शब्द एकत्र झाले आहेत: दीप आणि द्वीप. तेथे दिवा अभिप्रेत आहे की पुरातून वर राहिलेले बेट, यावर पंडितांची चर्चा झाली आहे, आणि बेट हा अर्थ घेणारे पुष्कळ आहेत. खांदेरीवर उभे राहिले की हा वाद मिटल्यासारखा वाटतो. तेथे बेट तेच दिवा आहे. मला भावते ते हे, की निर्वाणाला निघालेला गुरू ‘माझ्याकडे पाहा’ असे म्हणाला नाही.

दीपगृहाचे आणखी दोन धर्म आहेत, आणि दोन्ही मोठे कठीण आहेत. पहिला जागा न सोडण्याचा. समजा, कोणी एका रात्री दिवा कोसभर पलीकडे नेऊन लावला. तो पूर्वीइतकाच तेजस्वी असेल, कदाचित अधिक. पण आता त्याचा प्रत्येक झोत घात करील. प्रकाशाचे मोल तेजात नाही, त्याच्या स्थानाच्या खरेपणात आहे. दुसरा धर्म आपली खूण न बदलण्याचा. प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची लय निराळी ठरवलेली असते. कोणाचा इतक्या सेकंदांनी एक, कोणाचे इतक्यात दोन. ही लय पुस्तकांत छापलेली असते. खलाशी सेकंद मोजतो आणि म्हणतो, हा खांदेरीचा, हा कुलाब्याच्या दांडीचा. म्हणजे दिवा आधी आपले नाव सांगतो. ही लय राखण्यासाठी जुन्या काळी रक्षकाला रात्री वरचेवर उठून वजनावर चालणाऱ्या यंत्राला चावी द्यावी लागे, वात किंवा मँटल पाहावा लागे, आणि भिंगे पुसावी लागत. ती भिंगे ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच माणसाच्या बुद्धीतून आली. काचेची वलये रचून, चहूकडे विखुरणारा प्रकाश एका झोतात आणण्याची युक्ती त्याने काढली आणि १८२३ साली ती कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम बसवली. चार वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. त्याचे नाव आमच्या सभांत कधी निघाले नाही. निघण्याचे कारणही नाही.

येथवर आले की विचार कसा नीट बसल्यासारखा वाटतो. मार्ग दाखवणाऱ्याने आपली जागा सांगावी, धोका सांगावा, आपले नाव लपवू नये, जागा सोडू नये. आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात राहू द्यावे. मी जन्मभर शिक्षकी केली असल्यामुळे हा विचार मला फारच सोयीचा आहे. सोयीचा विचार तपासून घ्यावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जिंतूरकडे त्याची थोडी कोरडवाहू जमीन आहे. दोन बोअर वाया गेले होते. तिसरा घ्यावा की नाही, हे विचारायला तो आला होता. कर्ज काढावे लागणार होते. समुद्रात खडक पाण्याखाली असतो. आमच्याकडे पाणी खडकाखाली असते, किंवा नसते. सगळा मामला काळ्या पत्थराचा. त्यात भेगा असतील आणि भेगांत पाणी असेल तर नशीब, नाही तर पाचशे फूट धूळ. मी त्याला ठाऊक होते तेवढे सांगितले. त्याच्या शिवारात कोणाचे किती बोअर कोरडे गेले, कोणाचे लागूनही दोन वर्षांत आटले, व्याज किती होईल, यंदा सोयाबीनला भाव काय मिळाला. त्याने सगळे मुकाट्याने ऐकले आणि म्हणाला, “सर, हे मलाबी ठाऊक आहे. तुम्ही ठरवून द्या. घेऊ का नको?”

मी ठरवून दिले नाही. कर्ज त्याचे, जमीन त्याची, घरात जाब देणारही तोच. मी “घे” म्हटले असते तर माझ्या शब्दाच्या भरवशावर त्याने पाचशे फूट खाली पैसा ओतला असता. “नको” म्हटले असते तर शेजाऱ्याला पाणी लागल्यावर जन्मभर हळहळला असता. हे सारे मी त्याला सांगितले. त्याने चहा घेतला, पाया पडला आणि उठला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता त्याला कृतज्ञता म्हणता येणार नाही. किनाऱ्यावर उभे राहून बुडणाऱ्याला पाण्याची खोली सांगणाऱ्याकडे माणूस जसे पाहील, तसे तो पाहत होता.

दीपगृहावरचा मोठा आक्षेप हाच. ते हलत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत होडी उलटली तरी झोत आपल्या लयीत फिरत राहतो. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट मुंबईहून रेवसला निघाली. दिवस गटारी अमावस्येचा, बोट कोकणात घरी जाणाऱ्यांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. हे सगळे दिवसाढवळ्या झाले. भोवती कुलाब्याच्या दांडीवर १८७५ पासूनचे दीपगृह होते, खांदेरीचे होते. त्यांचा उपयोग शून्य. तेथे संकट खडक न दिसण्याचे नव्हते. जे वाचले त्यांतल्या अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या वेळी प्रकाश नको होता, हात हवा होता.

मग रक्षकाने दिवा सोडून होडीत बसावे काय? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर दिले गेले. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे लाँगस्टोन दीपगृहातून तेथल्या रक्षकाच्या मुलीला, ग्रेस डार्लिंगला, फुटलेल्या आगबोटीवरची माणसे दूरच्या खडकाला चिकटलेली दिसली. बाप आणि लेक वादळात होडी घेऊन गेले आणि दोन खेपांत नऊ जणांना वाचवले. ग्रेसची कीर्ती देशभर पसरली. चित्रे निघाली, कविता झाल्या, आणि अवघ्या चार वर्षांत ती क्षयाने गेली. या कथेत मला नेहमी आठवते ती तिची आई. होडी लोटायला तिने हात लावला आणि ती दीपगृहात राहिली. ती राहिली म्हणून ते दोघे जाऊ शकले. तिचे चित्र कोणी काढले असल्यास माझ्या पाहण्यात नाही.

डोळ्यांसमोरच्या नऊ जणांची संख्या सांगता येते. ‘रामदास’वर गेलेल्यांची सांगता येते. खांदेरीचा दिवा पाहून जी जहाजे १८६७ पासून नीट बाजूने निघून गेली, त्यांची संख्या मात्र कोणीच सांगू शकत नाही. जे घडले नाही त्याची नोंद कशी ठेवणार? माणसाच्या बाबतीतही दोन्ही ऋणे खरीच आहेत, समोर दिसणाऱ्याचे आणि कधीच न दिसणाऱ्याचे. परंतु एका देहाने एकाच वेळी ती दोन्ही फेडता येत नाहीत. होडीत बसणारा आणि दिव्यापाशी राहणारा असे दोघे लागतात. एकट्या माणसावर मात्र दोन्ही येऊन पडतात तेव्हा काय करावे, याचा नियम मला खांदेरीवर मिळाला नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला पैसे देऊ शकलो असतो काय? थोडे देऊ शकलो असतो. त्याने मागितले नव्हते. मागितले असते तर दिले असते, हे म्हणणे आता सोपे आहे. आणि न मागता दिले असते तर माझेच मत त्याच्या गळ्यात बांधल्यासारखे झाले असते, हे म्हणणेही तितकेच सोपे आहे.

त्याने तिसरा बोअर घेतला की नाही, हे मला अजून कळलेले नाही. श्रावणात जिंतूरच्या बसमध्ये त्याचा धाकटा भाऊ भेटला. पाऊस बरा आहे म्हणाला, मुलाला परभणीत शाळेत घातल्याचे म्हणाला. बोअरचे विचारावे असे दोनदा ओठांवर आले. तेवढ्यात त्याचा थांबा आला, आणि तो मागची पिशवी सावरीत उतरून गेला.